बरोबर असूनही न कळणं

करिंथमधलं भांडण मांसावरून होतं. ग्रीसमधलं हे दोन बंदरांचं श्रीमंत शहर, देवळांनी गजबजलेलं. देवळात बळी दिलेल्या जनावराचा काही भाग वेदीवर जायचा, काही पुजाऱ्यांच्या वाट्याला यायचा, काही तिथल्याच दालनात पंगतीला वाढला जायचा आणि उरलेलं मांस बाजारात विकायला यायचं. वैद्यकदेवता अस्क्लेपियसच्या देवळाला लागून असलेली जेवणाची दालनं करिंथच्या उत्खननात सापडली आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांपुढे साधा प्रश्न होता: हे मांस खायचं की नाही?

मंडळीतले शिकलेसवरलेले म्हणाले, खा. देव एकच आहे, बाकीचे देव म्हणजे नुसती नावं, मग मांसाला काय चिकटलंय? दुसरे काहीजण कालपरवापर्यंत त्याच देवळात नवस फेडत होते. त्यांच्या घशाखाली तो घास उतरेना. ताटात ते मांस दिसलं की सोडून आलेलं सगळं पुन्हा उभं राहायचं. शिकलेले त्यांना हसायचे.

आपल्याकडे हा प्रश्न अगदी ओळखीचा आहे. गणपतीत शेजारच्या काकूंकडून मोदकांचं ताट येतं. एका ख्रिस्ती घरात ते आनंदाने खातात, दुसऱ्या घरात घेतात पण खात नाहीत, तिसऱ्या घरात आईचं मत एक आणि मुलाचं दुसरं. कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. विषय आहे प्रेषित पौलाच्या उत्तराचा. करिंथची ही मंडळी त्यानेच उभी केली होती.

साधारण इसवी सन 55च्या सुमारास पौलाने करिंथकरांना जे पहिलं पत्र लिहिलं, त्याच्या आठव्या अध्यायात हे उत्तर आहे. गंमत अशी, की तत्त्व म्हणून पौल शिकलेल्यांशी पूर्ण सहमत आहे. देव एकच, मूर्तीत काही नाही, हे तो स्वतःच मांडतो. पण ते मांडायच्या आधीच तो म्हणून जातो, "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते." आणि पुढे आणखी टोचेल असं काही: आपल्याला कळतं असं ज्याला वाटतं, त्याला अजून कळायला हवं तसं कळलेलंच नाही.

ही गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. त्या लोकांचं उत्तर चुकलं असतं, तर पौलाने ते दुरुस्त केलं असतं आणि विषय संपला असता. उत्तर बरोबर होतं. तरी तो म्हणतो, तुम्हाला कळलेलं नाही. हिरवा दिवा आपल्या बाजूचा आहे म्हणून मधे आलेल्या सायकलवाल्याला उडवून जाणारा ट्रकवाला दिव्यापुरता बरोबरच असतो. करिंथच्या शहाण्यांचं तसंच झालं होतं. देव एक आहे हे त्यांना समजलं होतं. तो देव समोर बसलेल्या, घास न उतरणाऱ्या माणसासाठी मेला, हे दिसत नव्हतं. पौल त्या माणसाचं वर्णनच तसं करतो: ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो तुझा भाऊ. आणि स्वतःपुरतं सांगतो, माझ्या खाण्याने भावाला अडखळण होणार असेल तर मी मांसच खाणार नाही.

ख्रिस्ती बोलण्यात "आध्यात्मिक समज" हा शब्द फार येतो आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. बायबलमधली माहिती, म्हणजे कोणतं वचन कुठे आहे, कोणाचा मुलगा कोण. मग सिद्धान्त, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) काय, तारण कशाने. आणि तिसरी, देव आपल्यापुढे काय करतोय आणि त्यात आपली जागा कुठली, हे ओळखून तसं वागणं. पहिल्या दोन अभ्यासाने येतात, आणि अभ्यास हवाच. आळशीपणाला नम्रता म्हणायची सोय बायबल देत नाही. तिसरी मात्र लीनतेशिवाय येत नाही, असं ख्रिस्ती परंपरा दोन हजार वर्षं सांगत आली आहे. ते शोभेचं विधान आहे का? की खरंच तसं काही घडतं? आणि घडत असेल तर का?

लीनता कशाला म्हणत नाहीत

"आम्ही काय, पामर", "माझ्या हातून काय होणार", "तुमच्यापुढे मी कोण" हे बोलणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याला शिष्टाचार म्हणावं. बाराव्या शतकातला फ्रान्समधला मठाधिपती बर्नार्ड याने अहंकाराच्या बारा पायऱ्या लिहून ठेवल्या. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात लीनतेच्या बारा पायऱ्या आहेत. बर्नार्डने त्याच उलट्या बाजूने उतरवल्या. पहिली पायरी म्हणजे नजर इकडेतिकडे फिरवत दुसऱ्याचं काय चाललंय ते बघत राहणं. नववी पायरी वाचताना मला हसू आलं होतं. ती आहे खोट्या कबुलीची. हा माणूस स्वतःवर वाटेल तसले दोष ओढून घेतो, ऐकणाऱ्याने "छे छे, तुम्ही कुठले तसे" म्हणावं म्हणून. पण त्याचीच एखादी खरी चूक कोणी हळूच दाखवली की तो उखडतो. नऊशे वर्षांपूर्वीचा मठ असो की आजची प्रार्थनासभा, माणूस तोच.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आविलाच्या तेरेसाने याचा निकाल एका वाक्यात लावला. देवाला लीनता इतकी का आवडते, याचा विचार करताना तिला उत्तर सुचलं: देव सत्य आहे, आणि लीनता म्हणजे सत्यात चालणं. म्हणजे आपल्याला गाता येत असेल तर "येत नाही" म्हणणं ही लीनता नव्हे, ते खोटं झालं. गाता येतं, गळा मला मिळालेला आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या बेसूर माणसाची प्रार्थना देव माझ्याइतकीच ऐकतो, हे तिन्ही खरं मानणं म्हणजे लीनता. पौल तर खुशाल लिहितो की बाकीच्या सगळ्या प्रेषितांपेक्षा मी जास्त श्रम केले. आणि त्याच दमात म्हणतो, मी नाही, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने.

मग लूकच्या शुभवर्तमानातला, देवळात प्रार्थनेला उभा राहिलेला तो प्रसिद्ध परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, कुठे चुकला? आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, हे सगळं तो खरंच करत होता. येशू त्याला खोटारडा म्हणत नाही. पण त्याची प्रार्थना नीट ऐका. सुरुवात देवाच्या आभाराने होते आणि दुसऱ्याच क्षणी तो मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवतो: मी ह्याच्यासारखा नाही. देवापुढे उभं राहूनही त्याचं मोजमाप शेजाऱ्याशी चाललेलं आहे. जकातदाराला मोजायला कोणी नाही. "हे देवा, मज पाप्यावर दया कर," एवढंच. हा दाखला रविवारी ऐकून "बरं झालं, मी त्या परुश्यासारखा नाही" असं मनात आलं, की आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळतं.

ऑगस्टीनचं बुटकं दार

अहंकाराने समज का अडते, हे ज्याने स्वतःवरून सविस्तर लिहिलं तो ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, 354 साली जन्मलेला हुशार मुलगा. एकोणिसाव्या वर्षी कार्थेजमध्ये वक्तृत्व शिकताना रोमन वक्ता सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याला सत्याचा ध्यास लागला. म्हणून त्याने बायबल उघडलं. आणि मिटलं. लॅटिन भाषांतर ओबडधोबड, गोष्टी साध्या, सिसेरोच्या भारदस्त भाषेपुढे अगदीच गावंढळ. पुढे चाळिशीत "कन्फेशन्स" लिहिताना तो त्या दिवसाचं निदान करतो: हे पुस्तक आत शिरताना बुटकं आणि आत गेल्यावर उंच होत जाणारं होतं, आणि मी मान वाकवणाऱ्यातला नव्हतो.

इथे एक गैरसमज होतो. लोक म्हणतात, बघा, बुद्धिमान माणसाला देव कळत नाही. ऑगस्टीनने बुद्धी कधीच गहाण टाकली नाही. तो पुढे पाश्चात्य ख्रिस्ती विचाराचा पायाच ठरला. अडचण बुद्धीची नव्हती, ती कोणत्या कामाला जुंपली होती याची होती. त्याला पुस्तकाकडून काही शिकायचं नव्हतं. पुस्तक आपल्या पातळीचं आहे का, ते त्याला तपासायचं होतं. परीक्षक म्हणून बसलेल्या माणसाला फक्त गुण देता येतात.

त्यानंतर त्याची तेरा वर्षं गेली. 386 साली मिलानमध्ये त्याला प्लेटोच्या परंपरेतले ग्रंथ मिळाले आणि तो थक्क झाला. प्रारंभी शब्द होता, शब्द देवाबरोबर होता, हा योहानाच्या शुभवर्तमानातला विचार त्याला तिथे सापडला. सापडलं नाही ते हे, की शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला, दासाचं रूप घेऊन रिकामा झाला. तो म्हणतो, डोंगराच्या कड्यावरून शांतीचा देश दिसत होता, तिथे जायची वाट दिसत नव्हती. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला मिलानचा बिशप अँब्रोज याच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

मला वाटतं, सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. मराठी वाचकाला लहानपणाची महती कोणी सांगायला नको. "लहानपण देगा देवा" घरोघरी माहीत आहे, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं रेव्हरंड टिळक सांगत. भक्ताने देवापुढे लहान व्हावं, हे दोन्हीकडे आहे. ख्रिस्ती विचारात जास्तीचं, आणि पचायला जड, ते असं: देवच लहान झाला. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हे जवळजवळ गाण्यासारखं मांडतो. तो देवाच्या स्वरूपाचा होता, पण देवासमान असणं हे त्याने घट्ट धरून ठेवलं नाही. स्वतःला रिकामं केलं, दास झाला, मरण सोसलं, तेही वधस्तंभावरचं. रोमन राज्यात ते मरण गुलामांचं आणि बंडखोरांचं होतं.

आता हे खरं मानलं, तर पुढचं आपोआप येतं. जो खाली उतरला आहे त्याला वर बघत शोधलं, तर तो सापडणार कसा? अहंकारी माणसाला देव शिक्षा म्हणून स्वतःला दाखवत नाही, असं नव्हे. तो माणूस चुकीच्या दिशेला बघतोय. त्याच्या कल्पनेतला देव त्याच्यासारखाच, फक्त मोठा: सामर्थ्यवान, मान मागणारा, जिंकणारा. गोठ्यातलं बाळ आणि खिळ्यांवरचा माणूस त्याला दिसला तरी ओळखू येत नाही. ह्या गोष्टी ज्ञान्यांपासून गुप्त राहिल्या आणि बालकांना प्रकट झाल्या, असं मत्तयच्या अकराव्या अध्यायात येशू म्हणतो, आणि त्याच अध्यायात थोड्याच ओळींनी, "मी मनाचा सौम्य व लीन आहे," माझ्यापासून शिका.

ऑगस्टीनच्याच उतारवयातला एक किस्सा सांगतो. दियोस्कोरस नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने त्याला प्रश्नांची भलीमोठी यादी पाठवली, सिसेरोच्या संवादांमधल्या तत्त्वज्ञानाची. घाई का, तर तो प्रवासाला निघाला होता आणि कोणी विचारलं नि सांगता आलं नाही तर लोक अडाणी समजतील, ही भीती. ऑगस्टीन तेव्हा हिप्पोचा बिशप, कामाने पिचलेला. तरी लांबलचक उत्तर लिहिलं, थोडं चिडूनच. त्यात तो म्हणतो, सत्याकडे जायची पहिली वाट लीनता, दुसरी लीनता, तिसरी लीनता, आणि तू विचारत राहशील तितक्या वेळा मी हेच सांगेन. अडाणी दिसू नये म्हणून शिकणाऱ्याला यापेक्षा नेमकं औषध देता आलं नसतं.

पेत्राचे पाय

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, ते याचंच स्मरण. उपदेश बहुतेक वेळा धुणाऱ्यावर होतो: आपणही सेवा करावी. मला शिष्यांतला पेत्र जास्त विचार करायला लावतो. येशू त्याच्यापर्यंत येतो आणि पेत्र पाय मागे घेतो: तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! गुरूने शिष्याचे पाय धुवावेत, हे सोसवत नाही. पण येशू त्याचं कौतुक करत नाही. तो म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. आणि त्याआधी म्हणतो, मी काय करतो ते तुला आता कळत नाही, पुढे कळेल.

म्हणजे इथे क्रम उलटा आहे. आधी समजून घ्या, मग पाय पुढे करा, असं नाही. पाय पुढे करा, कळेल नंतर. देण्यात आपण वरचे असतो, म्हणून देणं सोपं जातं. आजारपणात दुसऱ्याने अंग पुसलं, धाकट्याने पैसे दिले, सुनेने चूक दाखवली, की कळतं घेणं किती अवघड आहे. पेत्राच्या नम्रतेत त्याचाच हुकूम होता: देवाने माझ्याशी कसं वागायचं हे मी ठरवणार.

तंबू करणाऱ्यांच्या घरी

लीनता आणि समज यांची गाठ कशी पडते, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायातल्या चार-पाच ओळींत फार सुंदर दिसतं. अपुल्लो नावाचा यहुदी गृहस्थ इफिसला येतो. मूळचा आलेक्सांद्रियाचा, म्हणजे त्या काळच्या विद्येच्या माहेरघरचा. वक्ता, शास्त्रात निष्णात, आवेशाने बोलणारा. येशूविषयी तो बरोबर शिकवत होता. फक्त त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या, म्हणजे येशूच्या आधी आलेल्या संदेष्ट्याच्या, बाप्तिस्म्यापलीकडचं माहीत नव्हतं. सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं ते भाषण ऐकत होतं. व्यवसाय तंबू करण्याचा. पौल करिंथला त्यांच्याचकडे राहून त्यांच्याबरोबर हेच काम करायचा. दिवसभर कापड नि कातडं शिवून बोटं रापलेली माणसं.

भाषण संपल्यावर त्यांनी काय केलं? भर सभेत उठून "एक दुरुस्ती" म्हटलं नाही. त्याला आपल्याकडे जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. दोघांची नावं देताना कृत्यांचा लेखक लूक इथे प्रिस्किल्लाचं नाव आधी घालतो. त्या काळात एका नावाजलेल्या वक्त्याने कारागिराच्या घरी, एका बाईकडून शिकायचं. अपुल्लोने ऐकलं. पुढे तो अखयात, म्हणजे करिंथच्या प्रांतात, गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा फार उपयोग झाला.

त्याचं वक्तृत्व गेलं नाही, आवेश गेला नाही. इतका नावाजला की करिंथमध्ये "मी अपुल्लोचा" म्हणणारा गट तयार झाला. पौल त्या गटबाजीवर तुटून पडतो, पण अपुल्लोवर एक शब्द नाही, "मी लावले, अपुल्लोने पाणी घातले, पण देव वाढवत गेला." पत्राच्या शेवटी पौल सांगतो की त्याने अपुल्लोला करिंथला जायचा पुष्कळ आग्रह केला, पण त्याची आत्ता यायची मुळीच इच्छा नव्हती. कारण दिलेलं नाही. स्वतःच्या नावाचा जयजयकार चाललेल्या गावी जायचं तो टाळत होता, असं मानायचा मोह मला होतो. मजकुरात तसं लिहिलेलं नाही, एवढं खरं.

माझ्या मते लीनतेची कसोटी लागते ती इथे. मनात किती नम्र वाटतं यावरून काही ठरत नाही. भावनांवर कोणाचा ताबा? आपल्याला येतं त्या विषयात, आपल्यापेक्षा कमी शिकलेल्या माणसाने चूक दाखवली की पुढचं मिनिटभर आपण काय करतो, ते बघावं. लीनतेवर लिहिणाऱ्या बर्नार्डलाही आपली चूक मान्य करावी लागली. त्या ग्रंथात त्याने शुभवर्तमानातलं एक वचन आठवणीने दिलं आणि शब्द चुकले. पुढे त्याने ग्रंथाला जोडून तशी कबुली लिहिली: मूळ पाठात असं नाही, माझ्याकडून अर्थ राहिला आणि शब्द हुकले.

आणि "माहीत नाही" म्हणता येणं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या अंतोनीकडे काही वडीलधारे साधक आले. त्याने शास्त्रातलं एक वचन दिलं आणि धाकट्यापासून सुरुवात करून अर्थ विचारला. ज्याने त्याने सांगितला. प्रत्येकाला अंतोनी म्हणाला, अजून नाही सापडलं. शेवटी अब्बा, म्हणजे बाबा, योसेफची पाळी आली. तो म्हणाला, मला माहीत नाही. अंतोनी म्हणाला, योसेफला वाट सापडली. ही गोष्ट एकदाच घडू शकते, हेही लक्षात ठेवावं. पुढच्या बैठकीत सगळेच "मला माहीत नाही" म्हणू लागले असतील, तर अंतोनीने काय केलं असतं कोण जाणे.

पंडिता रमाबाई: वाकणं आणि न वाकणं

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग लीन माणसाने सगळ्यांचं ऐकायचं? वरिष्ठ सांगतील ते मुकाट्याने? हा प्रश्न हवेतला नाही. "नम्र व्हा" हे वाक्य बहुतेक वेळा वरून खाली येतं. सुनेला, विधवेला, मंडळीच्या हिशोबाबद्दल विचारणाऱ्याला. महाराष्ट्रातल्या, विशेषतः नगर भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जबरदस्तीने वाकवलं गेलं, त्यांना परत वाकायला सांगणं म्हणजे येशूच्या नावावर जुनाच कारभार चालवणं. स्वतः येशूला महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यासाठी मोलाचं आहे. 1858चा जन्म, संस्कृतवर असामान्य प्रभुत्व, 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन दिलेली "सरस्वती" ही पदवी. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन पंथाच्या मठातल्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, माया केली. पण रमाबाई प्रश्न विचारायच्या. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये कुठे आहे? पंथाची ही मतं मी का मान्य करावीत? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तीही मुकाट्याने मानली नाही. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डीनना यात अहंकार दिसला. रमाबाईंनी 1885च्या मे महिन्यात त्यांना जे लिहिलं त्याचा आशय असा: मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरू आणि बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने नुकतंच उतरवलं आहे, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही.

हे लीन बाईचं पत्र आहे का? मला वाटतं, आहे. तेरेसाच्या व्याख्येत ते चपखल बसतं. जे पटलेलं नाही ते पटलं असं त्या म्हणाल्या असत्या, तर सगळ्यांना त्या नम्र वाटल्या असत्या आणि ते खोटं असतं.

त्यांचं खरं वाकणं नंतर, वेगळ्याच ठिकाणी आहे. भारतात परतल्यावर, शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवत असताना काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे स्वच्छ सांगितलं आहे. तोवर शाळा उभी होती, जगभर नाव होतं, हजारोंच्या सभा झाल्या होत्या. इतकं सगळं मागे असताना "मला मुख्य गोष्टच मिळाली नव्हती" असं छापून सांगायला काय लागत असेल?

आणि मग पुण्याजवळचं केडगाव, तिथलं त्यांचं मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या मुली, टाकून दिलेल्या बाया. अठरापगड जातींची, निरनिराळ्या बोलींची, अक्षरओळख नसलेली माणसं. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना जड जायचं. संस्कृत शब्दांनी भरलेलं. म्हणून रमाबाईंनी वय वाढलेलं असताना हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल नव्याने मराठीत आणायला घेतलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. लांबलचक समास जोडणं हा ज्यांच्या हातचा मळ, त्या बाई जात्यावरचे, चुलीपुढचे शब्द शोधत बसल्या. कानांनी ऐकू येणं कमी होत गेलं, मुलगी मनोरमा 1921 साली गेली, तरी काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. 1924 साली ते मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

बिशपांपुढे ताठ आणि निरक्षर बाईपुढे वाकलेली, हा क्रम आपण सहसा उलटा पाळतो. वरच्यापुढे कमरेतून, खालच्यापुढे तोऱ्यात.

मग करायचं काय

लीन व्हायचं ठरवून होता येत नाही. मी किती लीन झालो, याची मोजदाद सुरू झाली की ती संपली. परंपरेने म्हणून आडवाटा दिल्या आहेत. दिवसाच्या शेवटी पापकबुली, तीही मोघम "माझ्या पापांची क्षमा कर" अशी नाही; आज दुपारी अमक्याशी मी असं बोललो, असं नाव-गाव घालून. कॅथलिकांमध्ये ती दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने करावी लागते, त्याचा धाक वेगळाच. दुसरी, आपल्या उपयोगाच्या नसलेल्या माणसासाठी न दिसणारं काम. तिसरी आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची आहे: शास्त्र एकट्याने नाही, चारचौघांत वाचणं, आणि त्या चौघांत एखादा तरी आपल्यासारखं आयुष्य न जगलेला असणं. उत्पत्तीच्या पुस्तकात सारा आपल्या दासीला, हागारेला, मुलासकट घराबाहेर घालवायला लावते. ती गोष्ट मालकिणीने वाचली आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईने वाचली, तर दोघींना तीच गोष्ट दिसत नाही. मालकीण सारेच्या बाजूने वाचते. दुसरी विचारते, पाणी संपल्यावर त्या पोराचं काय झालं?

अशा बैठकांत एक वाक्य हमखास येतं: "हे मला देवाने दाखवलं." त्यावर बोलती बंद होते, देवाशी कोण वाद घालणार? पण करिंथच्या मंडळीत असले दावे ढिगाने होत होते आणि पौलाने त्यांच्यासाठी सरळ नियम घालून दिला आहे, चौदाव्या अध्यायात. दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारख करावी. बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झालं, तर आधी बोलत होता त्याने गप्प राहावं. देवाने दाखवलेलंही सभेपुढे पारखायला ठेवायचं असतं. पुढच्या वेळी कोणी हे वाक्य उच्चारलं, तर त्याला विचारता येईल, आणि आपण उच्चारलं तर दुसऱ्याने आपल्याला विचारावं: पारख कोण करणार आहे?